धानगंज बँकेची दुसरी चावी

गंज, गोंदिया
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

बाईस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. जिजाजी हेमेंद्रजींना नमस्कार, माझ्या भाचीला, डिंपलला आशीर्वाद. ज्याचं त्याला तू वाटून दे.

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे ठीक आहेत. हल्ली पोस्टमन दारात आला की माणसाला आधी वाईटच सुचतं, म्हणून हे वरच लिहून टाकलं. फोन का नाही केला, असं म्हणशील. बाई, फोनवर आपण दोघी 'जेवलीस का' आणि 'तिकडे गरमी किती' यांच्या पुढे जातच नाही. गोंदियाहून डोंगरगड गाडीनं किती जवळ, आणि बोलायला बसलो की किती लांब.

आपल्या भाऊरायाची, ओमेशची, तुमखेड्याची हलकी धानं कापायला आली आहेत. तो सकाळी शेतावर जातो तो संध्याकाळी डोक्यात कोंडा घेऊन परततो. भारी धान अजून उभं आहे. बाबूजींचे गुडघे गेले, बाकी कान, डोळे, राग, सगळं शाबूत. सकाळी अंघोळ करून, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून ओट्यावर बसतात आणि बँकेच्या गल्लीकडे बघत राहतात. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस असा तयार होऊन कुणाची वाट बघतो, ते विचारायची सोय नाही.

त्या गल्लीबद्दलच लिहायचं आहे. आपली बँक पाडायला निघाले आहेत.

'आपली' म्हणायची सवय जात नाही. धानगंज सहकारी बँक बंद पडून इतकी वर्षं झाली, पण रिक्षावाल्याला अजून 'बँकेवाली गल्ली' म्हटलं की कळतं. बाकी गल्ली तू सोडलीस तशी राहिली नाही. अडत्यांच्या पेढ्या होत्या तिथे मोबाइलची दुकानं आली. तेंदूपानाचं गोदाम होतं तिथे लग्नाचा हॉल आहे. बैलगाड्या उभ्या राहायच्या त्या जागी आता मोटरसायकली. पण बँकेची ती दगडी कमान, वरची गोल खिडकी, सागवानी दार आणि आतली पितळी जाळी तशीच आहे. आठवतं, दिवाळीला गावोगावचे शेतकरी नव्या धानाची लोंबी आणून त्या जाळीला बांधायचे? मग चिमण्या आत यायच्या. बाबूजी कॅशियरच्या पिंजऱ्यात बसून काम करता करता त्यांच्याकडे डोळे वटारायचे, पण हाकलायचे मात्र नाहीत.

आणि त्यांचं ते इंद्रकुमारजींबरोबरचं येणं-जाणं! मॅनेजर आणि कॅशियर, जिवाभावाचे दोस्त. पण बाबूजी आपल्या गल्लीनं निघायचे आणि इंद्रकुमारजी स्टेशनकडून यायचे. एका रिक्षात कधी बसले नाहीत. एकमेकांच्या घरी चहा प्यायले नाहीत. प्यायचा तो बँकेत. आपण दोघी त्यांची नक्कल करायचो, मी बाबूजी आणि तू इंद्रकुमारजी. तेव्हा कुणाला ठाऊक होतं, तू त्यांचीच सून होशील.

असो. मुद्द्यावर येते.

आमची 'नवं धान महिला पतसंस्था' तुला ऐकून माहीत असेल. विडी वळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, राइस मिलमध्ये तांदूळ पाखडणाऱ्या बायकांनी उभी केलेली. मी तिची अध्यक्ष. औषधाच्या दुकानामागच्या एका खोलीत आम्ही बसतो. चौघी आत आल्या की पाचवीनं बाहेर उभं राहायचं. बँकेची इमारत आम्हाला मिळावी म्हणून आम्ही चार वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि बाई, मिळाली! म्हणजे जवळजवळ मिळाली. बंद बँकेचा कारभार गुंडाळायला सरकारनं नेमलेले अवसायक साहेब आहेत, ते तयार आहेत. दुसरा एक बोलीदार कॉम्प्लेक्स बांधायला टपला आहे. सगळं अडलंय तिजोरीच्या खोलीपाशी.

त्या खोलीचं लोखंडी दार बँक बंद झाली तेव्हापासून लागलेलं आहे. आत काही नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण उघडून पंचनामा केल्याशिवाय इमारत कुणाच्या नावे होत नाही. गॅस कटरनं कापावं, तर इंजिनिअर म्हणतो की दाराच्या चौकटीवरच वरच्या मजल्याची भिंत तोलली आहे. चौकट कापली की भिंत जाईल, भिंत गेली की इमारत धोकादायक ठरेल, आणि मग पाडायचीच. ७ नोव्हेंबरची तारीख दिली आहे. त्या दिवशी दार चावीनं उघडलं तर इमारत आमची. नाही तर कटर.

दार दोन चाव्यांनी उघडतं. एक बाबूजींच्या कमरेच्या करदोड्याला आहे, अजूनही. दुसरी इंद्रकुमारजींची. ते गेल्यावर ती तुझ्या देवघरातल्या खिळ्याला लटकते, असं हेमेंद्रजी एकदा बोलून गेले होते.

ती पाठव. कुरिअरनं नको, कुणाच्या तरी हातून पाठव. किंवा मग...

पुढचं लिहीत नाही. तुला कळतं.

तुझी
दुर्गी


गंज, गोंदिया
३१ ऑक्टोबर २०२५

बाईस,

दिवाळी गोड झाली असेल. तुझं पत्र आलं, ते मी स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं आणि भाजी करपवली.

चावी द्यायला तयार झालीस, डिंपलच्या हाती पाठवते आहेस, यासाठी तुझे पाय धरायला हवेत. आमच्या बायकांना सांगितलं तर एकच गलका झाला. विडीवाल्या अनुसयाबाई, आपल्या शेजारच्या, त्यांनी तर भर सभेत फुगडीला हात पुढे केले.

आणि तू लिहिलंस, 'मी येणार नाही. डिंपल जन्मली तेव्हा जो माणूस डिंकाच्या लाडवांचा डबा ओट्यावर ठेवून गेला, आत पाऊल टाकलं नाही, बाळाकडे मान वळवून पाहिलं नाही, त्याच्या बँकेची पायरी मी चढणार नाही.' ते मी वाचलं. दोनदा वाचलं. तू आत बाळंतिणीच्या खाटेवर होतीस आणि तुला बाबूजींच्या चपलांचा आवाज परत जाताना ऐकू आला, हे तू मला आजवर कधी सांगितलं नव्हतंस. तुमचं घर तेव्हा गोंदियातच, चार गल्ल्या पलीकडे. तेवढं चालत येऊन उंबरठ्याशी थांबायचं म्हणजे काय, ते मला समजावून सांगता येणार नाही.

तू आणखी एक लिहिलंस. इंद्रकुमारजींच्या शेवटच्या आजारात तू विचारलंस, 'माझ्या बाबूजींना बोलावू का?' आणि ते म्हणाले, 'कटरेबाबू बाहर ही ठीक हैं।' तुझ्या मनातून त्या दिवशी दोन्ही म्हातारे उतरले. आपलं कटऱ्यांचं, पोवाराचं घर, त्यांचं जायस्वालाचं. जातीच्या पलीकडे कुणाला काही दिसलंच नाही, असं तू लिहिलंस. आणि इतकं असूनही त्यांचा हात तू शेवटपर्यंत धरून बसलीस. तो हात झोपेत हवेत फिरायचा म्हणतेस, काहीतरी उचलावं, डावीकडे फिरवावं, दाबून धरावं तसा.

आता एक वाईट गोष्ट. न सांगता निभावता आली असती, पण तुझी मुलगी येते आहे, तुला माहीत असायला हवं.

डिंपल ६ तारखेला येणार, हे मी बाबूजींना सांगितलं. मला वाटलं होतं, काहीतरी हलेल. ते म्हणाले,

"चावी घेऊन येऊन राहिली काय?"

"हो."

"मंग तिले आपल्या घरी नोको आणू."

"काऊन नाही आणू? नात आहे तुमची!"

"नोको म्हटलं ना. अनुसयाच्या घरी झोपू दे. बँकेत भेटीन मी तिले."

बाई, मी आयुष्यात पहिल्यांदा बाबूजींवर ओरडले. म्हटलं, ज्या पोरीच्या हातात तुमच्या बँकेचा जीव आहे, तिला शेजाऱ्याच्या घरी झोपवायचं? तुम्हाला लाज कशी वाटत नाही? त्यांनी कमरेला हात लावला, चावी चाचपली आणि ओट्यावर जाऊन बसले. त्या रात्री मीही त्यांना वाढलं नाही, ओमेशनं वाढलं.

डिंपलला पाठवायचं नसेल तर मी समजेन. चावी हेमेंद्रजींनी स्टेशनवर आणून दिली तरी चालेल. पण पाठवलीस, तर अनुसयाबाईंच्या घरी तिला काही कमी पडणार नाही, हा माझा शब्द. त्यांनी आताच तांदळाचं पीठ दळून आणलं आहे. म्हणाल्या, "येऊ दे वो पोरीले. बुढ्याचं डोकं फिरलं आहे, आपलं थोडीच फिरलं?"

मला एवढंच सांग, की तू माझ्यावर रागावली नाहीस.

दुर्गी


गंज, गोंदिया
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

माझ्या बाईस,

आधी बातमी: दार उघडलं. इमारत उभी आहे. आमची आहे!

हे तुला फोनवर डिंपलनं सांगितलंच असेल. पण तू फोनवर तेवढे चार शब्द बोललीस आणि ठेवून दिलास. त्यानंतर काय झालं ते डिंपललाही नीट सांगता येणार नाही, कारण ती मध्यभागी होती आणि मी कडेला. कडेला उभ्या असलेल्याला जास्त दिसतं. म्हणून हे पत्र तिच्याच हाती देते आहे. चहा घेऊन बस आणि वाच.

डिंपल गुरुवारी दुपारी उतरली. बाई, काय पोरगी वाढवलीस! अनुसयाबाईंकडे राहायचंय म्हटल्यावर तिनं एवढंच विचारलं, "नानाजींचा नियम आहे का काही?" मी म्हटलं, "नियम कसला, हट्ट आहे." तिनं अनुसयाबाईंबरोबर अंगणात बसून चार विड्या वळल्या, सगळ्या वाकड्या. अनुसयाबाई म्हणाल्या, "बेटी, या विड्या तुह्या बापाले ओढाले दे, सुटून जाईल त्याची." रात्री तांदळाच्या पिठाचे चिले खाल्ले. बाबूजींनी आपल्या ओट्यावरून त्या अंगणाकडे सारखं बघितलं, पण उठले नाहीत.

शुक्रवारी सकाळी बँकेसमोर गल्ली भरली होती. आमच्या बायका नव्या साड्यांत, जणू लग्नघर. अवसायक साहेब, इंजिनिअर, पंच, आणि गॅस कटरवाला. तो आपली नळकांडी घेऊन कोपऱ्यात बसला होता. पलीकडे तो बोलीदारही गाडीला टेकून उभा. बाबूजी ओमेशच्या मोटरसायकलवर आले. डिंपल अनुसयाबाईंबरोबर चालत आली, दुसऱ्या गल्लीनं. तसं यायचं हे बाबूजींनीच निरोप पाठवून सांगितलं होतं.

आम्ही आत शिरलो. जाळी काळी पडली होती, फरशीवर धूळ, पण कॅशियरच्या पिंजऱ्यातलं ते उंच स्टूल तसंच होतं. बाबूजी क्षणभर तिथे थांबले, स्टुलाला हात लावला आणि पुढे गेले. लोखंडी दारासमोर उभं राहून त्यांनी करदोड्याची चावी सोडली. ती घालून अर्धा वळसा दिला. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. ओमेशनं आदल्या दिवशी तेल सोडून ठेवलं होतं, तरी एवढ्या वर्षांनी ते सरकलं, याचंच बायकांना कौतुक.

मग त्यांनी चावीवरचा हात न काढता तोंड भिंतीकडे वळवलं.

"आता तू लाव," ते भिंतीशी बोलले.

मला वाटलं, झालं. नातीचं तोंडसुद्धा बघायचं नाही यांना. गल्लीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. डिंपलचा चेहरा पडला, पण आवाज नाही पडला. तिनं विचारलं, "नानाजी, माझ्याकडे बघत का नाही?"

"दुसऱ्याच्या चावीकडे पाहू नये, बेटी. लाव तू."

तिनं चावी घातली. फिरवली. फिरेना. पुन्हा. फिरेना. ओमेश पुढे झाला तर बाबूजी भिंतीकडे तोंड ठेवूनच ओरडले, "तू सरक! चावी जिची, हात तिचा." डिंपलच्या कपाळावर घाम. कटरवाल्यानं हातमोजे चढवायला घेतले. अवसायक साहेब म्हणाले, "बाबूजी, आप ही बता दो, कैसे घूमती है वो चाबी?"

आणि बाई, बाबूजी म्हणाले, "मले काय माहीत? मी कधी पायलं काय!"

सगळी बँक हसली. गॅस कटरवालाही हसला. ज्या माणसानं उभा जन्म इंद्रकुमारजींच्या खांद्याला खांदा लावून ते दार रोज उघडलं, त्याला त्यांची चावी कशी फिरते हे माहीतच नाही, कारण तो रोज भिंतीकडे बघत उभा राहिला. मीही हसले, आणि हसता हसताच मला तुझं पत्र आठवलं. झोपेत हवेत फिरणारा तो हात. मी डिंपलला म्हटलं, "तुझ्या आईला फोन लाव. आत्ता."

पुढचं तुला माहीत आहे. तू विचारलंस, "काय झालं?" डिंपल म्हणाली, "दादाजींचा हात, मम्मी. तो कसा फिरायचा?" तू थांबलीस. फोनचा आवाज मोठा होता, अख्खी बँक थांबली. मग तू सांगितलंस, "थोडी उचल. आता डावीकडे. दाबून धर. घाई नको करू." डिंपलनं उचलली, फिरवली, दाबून धरली. आतून तो आवाज आला आणि तू विचारलंस, "झालं?" ती "हो" म्हणाली आणि तू फोन ठेवलास.

तू बाबूजींना पाहिलं नाहीस. मी पाहिलं. तुझा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं. इतकी वर्षं त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. फोन बंद झाल्यावर भिंतीलाच म्हणाले, "चंचल बोलून राहिली होती काय?"

"हो नानाजी."

"तिले सांग, आवाज तसाच आहे."

फोन बंद झाला होता, म्हणून मी सांगते. आवाज तसाच आहे, बाई.

मग त्यांनी आपल्या चावीचा उरलेला वळसा पूर्ण केला आणि दार ओढलं. मागून अनुसयाबाईंनी असा काही आवाज काढला की कमानीतली कबुतरं उडाली. बायका नाचल्या गं! विडीवाल्या, भाजीवाल्या, आमच्या हिशेब लिहिणाऱ्या मॅडमसुद्धा. बोलीदाराची गाडी कधी निघून गेली कुणाला कळलं नाही.

आत काही नव्हतं. रिकामे फळ्यांचे कप्पे आणि बंद हवेचा वास. बँकेचा म्हातारा चौकीदार बकाराम मान आत घालून म्हणाला, "सोनं नाही, चांदी नाही, अन् एवढ्यासाठी गावभर दंगा!" पण मधल्या कप्प्याच्या खिळ्याला धानाची एक लोंबी लटकत होती. बँक बंद झाली त्या वर्षीची, बाबूजींनीच शेवटच्या दिवशी बांधलेली. चिमण्या आत जाऊ शकल्या नाहीत, म्हणून दाणे सगळे जागच्या जागी. पंचनाम्यात साहेबांनी लिहिलं, 'धानाची लोंबी, एक.' बाबूजींनी प्रत्येक कप्प्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

मी म्हटलं, आता चला बाहेर. ते हलेनात. साहेबांसमोर चावी धरून म्हणाले, "चार्ज घ्या."

"अब काहे का चार्ज, बाबूजी? बैंक ही नहीं रही।"

"बँक नाही राहिली, पण चावी राहिली ना माझ्या कमरेले. कोणी चार्ज घेतलाच नाही. चार्ज दिला नाही तवर मी ड्युटीवरच आहो."

तेव्हा मला ते ओट्यावर बसणं कळलं. वरच्या गुंडीपर्यंत लावलेला शर्ट कळला. साहेब चांगले निघाले. त्यांनी कागद घेतला, लिहिलं, सही केली, उभं राहून दोन्ही हातांनी चावी घेतली. डिंपलची चावीही घेतली. आणि ज्या क्षणी दोन्ही चाव्या साहेबांच्या हातात गेल्या, त्या क्षणी बाबूजी वळले आणि त्यांनी तुझ्या मुलीकडे पाहिलं. पहिल्यांदा.

खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नाक जायस्वालाचं घेतलंस. पण उभी कटरेवाणी राहतेस." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, "चल बेटी, घरी चल. भूक लागली असन."

दुपारी जेवणं झाल्यावर, ताटावर बसल्या बसल्याच त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

बँक नवी होती, तेव्हाची गोष्ट. त्या वेळचे दोन चावीवाले एका लग्नाला गेले आणि एकाच पंगतीला बसले. डाकूंनी घर वेढलं आणि दोन्ही चाव्या एका झटक्यात गेल्या. गावोगावचं धान त्या बँकेवर उभं होतं. तेव्हापासून चावी हातात घेताना नव्या धानावर हात ठेवून शपथ घ्यायची: बँकेचं छत सोडून दोन चाव्या कधी एका छताखाली येणार नाहीत. आणि का येणार नाहीत, ते घरच्यांनाही सांगायचं नाही. घरच्यांना कळलं की गावाला कळतं.

"मी चावी सोडतो म्हटलं होतं," बाबूजी म्हणाले, "चंचलचं लग्न ठरलं तवाच. दुसऱ्या कोणाले द्या म्हटलं. संचालक मंडळ ऐकेच ना. इंद्रकुमारबी म्हणे, कटरेबाबू, तुमच्याशिवाय मी दुसऱ्या कोणाच्या भरवशावर भिंतीकडे तोंड नाही करणार. मंग काय करतो? लाडू घेऊन आलो होतो मी. आतून पोरीचं रडणं ऐकू आलं. कमरेले चावी होती."

डिंपल रडत होती. मी रडत होते. ओमेश उगाच पाण्याचा तांब्या भरत होता.

'कटरेबाबू बाहर ही ठीक हैं।' तुझे सासरे चावी उशाशी घेऊन मरणाच्या दारात पडले होते, आणि तरीही दोस्ताला दिलेला शब्द पाळत होते. तू ज्याला तिरस्कार समजलीस, ते काय होतं ते आता मी सांगत नाही. तू त्यांचा हात धरला होतास, तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

पण बाई, मी बाबूजींना पूर्ण सोडून द्यायला तयार नाही. जातीचा राग नव्हता, असं मी म्हणणार नाही. होता. पहिली काही वर्षं होता, मी या घरात राहून पाहिला आहे. मी त्यांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "होता. खोटं काऊन बोलू?" मग ताट बाजूला सारून म्हणाले, "राग गेला. चावी राहून गेली." रागाला त्या नियमाची सावली बरी मिळाली, आणि मग राग उठून गेला तरी नियम तिथेच बसून राहिला. म्हाताऱ्याला चावीपेक्षा 'राग गेला' हे एक वाक्य बोलणं जड गेलं. ते वाक्य तुझं होतं, आणि ते तुला वेळेत मिळालं नाही. त्याबद्दल तू हवं तेवढं रागाव. मी तुझ्या बाजूनं बसेन.

काल संध्याकाळी आमच्या संस्थेची सभा बँकेत झाली. पहिली! पाचवीला बाहेर उभं राहावं लागलं नाही. सगळ्या जणी आत मावल्या आणि तरी जागा उरली. साहेबांनी दोन्ही चाव्या संस्थेकडे दिल्या, तिजोरी आम्ही वापरणार आहोत. अनुसयाबाई एक चावी सांभाळतील, दुसरी पुढच्या गल्लीतल्या भाजीवाल्या शामकलाबाई. दोघींनी नव्या धानावर हात ठेवला. एका छताखाली चाव्या आणायच्या नाहीत, हे आम्ही ठेवलं. पण पहिला ठराव मी मांडला आणि तो टाळ्यांनी मंजूर झाला: का आणायच्या नाहीत, ते घरच्यांना सांगायचं.

ओमेशनं शेतातून ताज्या लोंब्या आणल्या. जाळीला बांधल्या. आज सकाळी गोल खिडकीतून चिमणी आली होती.

आता जे पहिल्या पत्रात अर्धं ठेवलं होतं, ते लिहिते. 'किंवा मग' च्या पुढे मला लिहायचं होतं: किंवा मग तू ये. मला इमारत हवी होती हे खरं. पण चार वर्षं ज्या ज्या कचेरीच्या बाकावर मी बसले, तिथे माझ्या शेजारी एक जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवायची. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. घरात बाबूजींची नक्कल करायला मी उरले, आणि समोर इंद्रकुमारजी व्हायला कुणी राहिलं नाही.

पण तू येऊ नकोस. आधी त्यांना येऊ दे.

येत्या रविवारी, सकाळच्या गाडीनं, बाबूजी डोंगरगडला येत आहेत. त्यांनीच जायचं काढलं. हे लिहिते आहे तेव्हा ते ओट्यावर बसून मध्येच कमरेला हात लावून पाहतात, तिथे काही नसतं, आणि एकटेच हसतात. मी सोबत आहे, पण तुझ्या दाराशी आल्यावर मी मागे राहीन. गुडघे दुखतात त्यांचे, तेव्हा पायरीपाशी हेमेंद्रजींना उभं कर. उंबरठा मात्र ते आपले आपण ओलांडतील.

डिंक आणून ठेवला आहे, लाडू शनिवारी वळणार. डबा या वेळी ओट्यावर ठेवायचा नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे. तो त्यांच्या हातातून तू घे.

तुझ्या दारात येणारी,
दुर्गी